बिराप्पांचा उलटा नवस

२ ऑगस्ट
माया गेली. आधी दिल्लीचं शिबिर, मग काठमांडू. शेजारी देशांची सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉल स्पर्धा. आपण, नेपाळ, बांगलादेश. माया गोलकीपर, पण राखीव.

वर्षभर माझ्या मागच्या खोलीत राहिली. अकरावी, माझ्याच कॉलेजात. भिंतीवर चेंडूचे गोल डाग आहेत. ती गेली की रंग द्यायचं ठरवलं होतं. राहू दे.

स्टेशनवर तिचे वडील. बिराप्पा. मेंढरं राखतात. खांद्यावर घोंगडं, पाय अनवाणी. चपला मात्र पिशवीत दिसत होत्या.
"पायात का नाहीत?"
"नवस हाय, बाई."
पुढे विचारलं नाही. साहित्य शिकवणाऱ्यांची खोड. विचारायचं नाही, ओळखायचं. लेकीसाठी असणार.

१३ ऑगस्ट
मायाचा मेसेज. पहिल्या गोलकीपरचं बोट सरावात मोडलं. "पहिल्या म्याचला मीच." मैदानात तिच्या पुढची मुलगी मणिपूरची, तिच्या शेजारची झारखंडची. कुणाला कुणाचं कळत नाही. "मेंढरांना वरडते तशी वरडते मॅडम. सगळ्या जागेवर येतात."
भाषा तीस वर्षं शिकवते आहे. इतकं चटकन कुणी जागेवर आलेलं नाही.

१६ ऑगस्ट
आज नेपाळशी. खालच्या मजल्यावरच्या चव्हाणांकडे मोठा टीव्ही आहे. ते निवृत्त आहेत. फुटबॉल कळतं असं त्यांचं म्हणणं. बिराप्पा सकाळच्या एसटीनं आले. सोफा सोडून फरशीवर बसले.

नेपाळचं घड्याळ पाव तास पुढे. हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. टीव्ही लावला तेव्हा पाव तास संपलेला. अजून गोल नव्हता.

मग नेपाळनं गोल केला. माया आडवी पडलेली, चेंडू जाळ्यात. बिराप्पा उठले, टाळ्या वाजवल्या आणि टीव्हीच्या काचेला भंडारा लावला. चव्हाण काचेकडे बघत राहिले. आपणही एक फेडला, तेव्हा बिराप्पा नुसते बसून. नेपाळचा दुसरा गोल झाला. बिराप्पांनी पिशवीतून चपला काढल्या आणि पायात घातल्या. चव्हाणांच्या गालिच्यावर.

चव्हाण: "अहो, हा आपल्यावर झाला!"
"पोरीच्याच जाळ्यात आला न्हवं?"
"हो."
"मंग?"

आपण पुन्हा एक फेडला. दोन-दोन. बरोबरी.

जिन्यात बिराप्पांना समजावलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, आम्ही रानात जाळीची वाघर लावतो. संध्याकाळी एक जण तोंडाशी उभा राहतो, मेंढरं आत घेतो. आत आलं ते आपलं. भायेर ऱ्हायलं ते लांडग्याचं.
"इथं आत येऊच द्यायचं नसतं, बिराप्पा. अडवायचं."

"मंग येवढं मोठं जाळं कशापायी बांधलंय?"
 

नवस काय होता तो आता कळला. "बिरोबा, माझ्या पोरीच्या जाळ्यात लई बॉल येऊ दे. येत्याल तवाच चप्पल घालीन."
देवानं दिले. दोन.
बिराप्पांनी चपला काढल्या, पिशवीत टाकल्या. "म्या देवाला उलटंच सांगितलं की."

१७ ऑगस्ट
बिराप्पांनी लेकीला फोन करून सगळं सांगून टाकलं. प्रामाणिक माणसं असा घोळ घालतात.

दुपारी मायाचा फोन. आवाज शांत. शांत आवाजाची मला भीती वाटते.
"दोन्ही बॉल हाताला लागले होते मॅडम. हातातनं आत गेले. आता कळलं, का ते."
"योगायोग गं."
"तुमचं पुस्तकातलं वेगळं. हे देवाचं हाय."
नवस फिरल्याशिवाय ती जाळ्यासमोर उभी राहणार नाही. सरांना सांगितलंय, पोट दुखतंय. वीस तारखेला बांगलादेश. जिंकलं तर फायनल. तिसरी गोलकीपर आहे, पण ती उडी मारायच्या आधी डोळे मिटते म्हणे.
"आप्पांबरोबर तुम्ही जावा देवाला. ते एकटे गेले तर परत काहीतरी उलटं बोलतील."

मी देव मानत नाही. हे तिला माहीत आहे. म्हणूनच बहुतेक.

१८ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये नवसाचा मसुदा. तपासायच्या वह्यांखाली लपवून.

पहिला खर्डा: एकही चेंडू जाळ्यात जाऊ नये.
फोनवर वाचून दाखवला. बिराप्पा: "एकबी न्हाय? मंग दुसऱ्या जाळ्यातबी न्हाय. जिंकायचं कसं?"
परवापर्यंत टाळ्या वाजवत होते.

दुसरा: मायाच्या बाजूच्या जाळ्यात जाऊ नये.
"चव्हाण सायेब म्हनत हुते, निम्म्या टायमाला जाळी बदलत्यात. देवाला कुटली म्हनून कळायची?"
खोडलं.

तिसरा: माया ज्या जाळ्यासमोर उभी असेल, त्यात चेंडू जाऊ नये. स्पर्धा संपेपर्यंत.
संध्याकाळी चव्हाण जिन्यात भेटले. "सरावाचं काय? सरावात तर जाणारच." म्हटलं, देवाला तेवढं समजतं. स्वतःचंच वाक्य ऐकून जरा थांबले.

नेमकं लिहा, असं वर्गात ओरडत आले. पहिल्यांदा कुणाला तरी त्याची गरज पडली.

१९ ऑगस्ट
बिराप्पांची वाडी. एसटी, मग जीप, मग पायी. माळावर देऊळ. बिराप्पा काट्यांतून अनवाणी चाललेले, मी बुटांत. तेच मला म्हणत होते, "दमानं, बाई."

म्हाताऱ्या पुजाऱ्याला कागद दाखवला.
"कागद नगो. ज्यानं नवस केला त्यानं तोंडानं फिरवावा."
बिराप्पांचं पाठ होतं. एक शब्द चुकला नाही. मी डोळे मिटून ऐकत होते, परीक्षेला ऐकतात तशी. शेवटी स्वतःच्या मनानं एक जोडलं: "आन पोरीला कुटं लागू नगो."
मसुद्यात नव्हतं. असायला हवं होतं.

मग कौल. देवाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या लावल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

बसलो. चहा झाला. मेंढरं परतली. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी.
"नेहमी इतका वेळ लागतो?"
पुजारी: "फुटबॉलचं कदी कुनी इचारलंच न्हाय. देव इचार करतोय."

शेवटची जीप चुकली असती. निघालो. वारं लागू नये म्हणून पुजाऱ्यानं देवळाचं दार ओढून घेतलं.

डांबरी रस्त्याला आल्यावर रेंज आली. मायाचे अकरा मिस्ड कॉल. लगेच बारावा.
"पडली का मॅडम?"
उजवी पडली म्हणायचं. दोन शब्द. ज्या देवाला मानत नाही त्याच्या नावानं खोटं बोलायला जड जाऊ नये. गेलं. 
बिराप्पांनी फोन घेतला. "देव अजून न्हाय म्हनला न्हाय."
"मग उभी राहू?"
"ऱ्हा की. त्यो बगतोय तवर तूबी बग."

२० ऑगस्ट
उभी राहिली.

चव्हाणांनी भिंतीवरचं घड्याळ नेपाळवर लावलंय. बायको चिडली आहे. औषधं पाव तास आधी होतात. गालिचा गुंडाळून ठेवलेला.

माया पहिल्यांदा ओरडली तेव्हा टीव्हीतून ऐकू आलं. हुर्र्र, मग जीभ टाळूला लावून. बिराप्पांनी फरशीवरून तसंच उत्तर दिलं. खालचं कुत्रं भुंकलं.

एक-शून्य. आपला एक. मायाच्या जाळ्यात काही नाही. शेवटचा चेंडू तिनं पोटाशी धरला आणि तशीच पडून राहिली. बिराप्पा पुढे झाले, काचेला हात लावून बघितलं.
"लागलं काय गं?"
उठली. मग ते बसले.

मी ओरडले होते म्हणे. चव्हाण सांगत होते. मला आठवत नाही.

२१ ऑगस्ट
पुजाऱ्याचा निरोप: पाकळ्या आहेत तशाच. वाळल्यात, पण धरून आहेत. फायनल नेपाळशीच.

२३ ऑगस्ट
सकाळी पुजारी बाभळीखाली रेंजमध्ये येऊन बोलला. पडली. डावी.

बिराप्पा तेव्हा माझ्या दारात पोचलेले, अनवाणी. ऐकून उंबऱ्यावर बसले.
"पोरीला सांगायचं का, बाई?"
"तुम्ही सांगा काय करायचं."
"म्या एकदा सांगून बसलोय. आता तुमी."

तिचाच फोन आला. फोन जमा करायच्या आधी पाच मिनिटं होती.
"पडली?"
"पडली."
"कुठली?"
मी बिराप्पांकडे बघितलं. ते जमिनीकडे.
"डावी."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवून मुलींना गोळा करत होतं.

मग म्हणाली, "मॅडम, त्यांची दहा नंबरवाली हाय ना, ती पेनल्टी कुठल्या बाजूला मारती हेच सरांना कळंना झालंय. काल रात्रभर तेच. आता कळलं की."
"अगं, डावी म्हणजे नाही."
"ते नवसाचं. नवस तर बांगलादेशच्या म्याचलाच पावला. हे पुढचं सांगितलंय." मग घाईनं: "पण देवाची डावी का बघणाऱ्याची?"
फोन कुणीतरी घेतला. बंद.

बिराप्पांना तिचा प्रश्न सांगितला. विचारायला पुजाऱ्याला लावतेय. रेंज नाही. बाभळीखालून गेला असणार.

चव्हाण दोनदा वर येऊन गेले. त्यांच्या घड्याळात सुरू झालंय.

बिराप्पा माझ्या भिंतीसमोर उभे आहेत, त्या गोल डागांसमोर. डावा हात वर करतात, बघतात. मग भिंतीला पाठ लावतात, पुन्हा डावा हात वर. पुन्हा तोंड भिंतीकडे.
"बाई, देवाचं तोंड उगवतीला हाय. मैदानात पोरीचं कुटं आसंल?"