मोतीबिंदूच्या रांगेतली शेवटची जागा

बाई, आता माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. परवा दवाखान्यात नंबर लावायला गेले आणि रांग पाहून तुमचीच आठवण झाली.

तेव्हा सिंदेवाहीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. डॉक्टर नागपूरहून चार दिवसांसाठी आलेले, पण कोणाला आधी घ्यायचं ते मोठ्या नर्सबाई म्हणून तुम्ही ठरवायच्या आणि डॉक्टरही त्यात नाक खुपसत नसत. दोन्ही डोळे गेलेला आधी, एक डोळा चालू असलेला मागे, मग तो गावचा जमीनदार, मालगुजार का असेना. एका मालगुजाराला तुम्ही दुपारभर व्हरांड्यात बसवून ठेवलं आणि तो बिचारा गुमान बसला! मी नवी नर्स, तुम्हाला जाम भ्यायची आणि मला तुमच्यासारखंच व्हायचं होतं.

शेवटच्या दिवशी जागा एक उरली आणि बाया दोन. हुकलं तर पुढच्या वर्षीच. एक माझी आई, उजवा डोळा गेलेला, पण डाव्यानं तांदळातला खडा बरोबर टिपणारी. दुसरी पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावची म्हातारी. तीन दिवसांत तिनं शाळा पावलांनी मोजून घेतली होती, बाकांमधून सरळ चालत यायची. मी तुम्हाला म्हटलं, या म्हातारीला दिसते, ही थांबू शकते. तुम्ही एक बाक उचलून तिच्या वाटेत ठेवला. म्हातारी ठेचकाळली, गुडघा चोळत म्हणाली, "काऊन वं, हा बाक इथी कोनं आनला?" सगळे हसले, तीही हसली. तुम्ही तिचा हात धरून तिला आत नेलं आणि जाता जाता मला म्हणाल्या, "पाय नोको पाहू पोरी, डोळा पाह."

आईनं मग वर्षभर माझं डोकं खाल्लं. सख्खी पोरगी नर्स आणि मी रांगेत मागं, असं गावभर सांगितलं. पुढच्या शिबिरात तिचंही झालं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर पडून होती, तरी तोंड काही थांबलं नाही. जाड भिंगाचा चष्मा लावून मग सगळ्यांच्या भाकरीतले दोष काढत बसायची.

तो बाकाचा किस्सा तुम्ही नव्या पोरींना माझ्यासमोरच सांगायच्या, ही कशी चालण्यावरून फसली म्हणून. मीही हसायची. हे पत्र पोचायला आता पत्ता नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. बाई, मी फसले नव्हते. तुम्ही बाक ठेवायच्या आधीच मी त्या म्हातारीच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली होती. दोन्ही पांढरेफटक होते.