कापसाच्या खोलीची खिडकी

१ मार्च
आई जाऊन तीन दिवस. ती गेली त्या रात्री शेजारच्या सुमनकाकूंनी कापसाच्या खोलीच्या दाराशी, तिची खाट होती तिथेच, परातीत पीठ पसरलं. बाजूला दिवा, वर टोपलं. सकाळी टोपलं उचललं तर पिठात पाऊल. चार बोटं, तळवा, नखं नाहीत. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते यावरून कळतं म्हणतात.
काकू बाबांना : "मांजराच्या जन्माले गेली, भाऊजी."
मी म्हटलं, टोपलं कललं होतं. गावात मांजरं कमी आहेत का?
"तुह्यं कॉलेज तिकडं अमरावतीले ठेव, बाई."
बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले. तेव्हापासून फक्त चहा.

३ मार्च
चहाच. भाकर मोडतात, कुस्करतात, ताट सरकवतात. बीपीच्या गोळ्या उशाशी तशाच. विचारलं, असं किती दिवस चालणार?
"पाहू."

५ मार्च
रजा वाढवून मागितली. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला रजा नसते, गैरहजेरी असते.
बाबांचं मनगट माझ्या मुठीत मावतं.

६ मार्च
आईची चादर कापसाच्या खोलीत राहिली होती. आणायला गेले. यंदाचा कापूस भाव वाढायची वाट पाहत पडलेला, ढीग छातीपर्यंत. त्यातला किडा चावतो, दोन्ही हात लाल.
ढिगावर काहीतरी उभं राहिलं. मातकट रंग, लांब पाय, शेपटीवर काळी कडी, कानांच्या टोकाला काळे केस. एक क्षण पाहिलं आणि खिडकीच्या तुटक्या जाळीतून बाहेर.
बाबा मागे दारात होते.
म्हटलं, रानमांजर.
"आपल्याकडं पाहलं तिनं. रागानं."
आई तसंच पाहायची.
दुपारी अर्धी भाकर खाल्ली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

८ मार्च
तीन पिल्लं. कापसात वाटीएवढा खळगा, त्यात. डोळे नुकते उघडलेले.
बाबांनी वाटीत दूध नेऊन ठेवलं. परत येताना हसले. "पासष्टाव्या वर्षी तिळं. कोनाले सांगू नोको, लोक काय म्हनतीन."
दीड भाकर, पिठलं. गोळी मागून घेतली.
त्यांना खरंच तसं वाटतं का, विचारलं नाही. ताट रिकामं होतं.

९ मार्च
उद्या तेरवी. अंगणात पंगती बसणार, उष्ट्यावर गावातली कुत्री येणार. कापसाच्या खोलीची खिडकी जमिनीपासून हातभर. बाहेरून टिनाचा पत्रा लावला, दगड टेकवले. लावण्याआधी आत डोकावले. खळग्यातून शेपटीचं टोक दिसलं. मांजरी आत आहे. आत दूधही आहे. एका दिवसाचा प्रश्न.
बाबांना सांगितलं नाही. आचारी आला होता, गडबड होती.

११ मार्च
सकाळी पत्रा काढला. बाहेरच्या बाजूने ओरखडे. खालची माती उकरलेली, भिंतीच्या विटेपर्यंत.
ती बाहेर होती. शेपूट पिल्लाची.
दूध फाटलेलं. पिल्लं थंड, पण हलतात.
बाबा बाजूला येऊन बसले. ओरखड्यांवरून बोट फिरवलं.
"खिडकी कोनं लावली?"
"काकूनं," मी म्हटलं.
विचार करायला वेळ लागला नाही.

१२ मार्च
वनखात्यात फोन केला. म्हणाले, होती तिथेच ठेवा, हात लावू नका, लांब राहा, मादी येते. कधी कधी.
बाबांनी ऐकलं नाही. शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून पिल्लांच्या तोंडाशी धरतात. एक चोखतं. दोघांच्या हनुवटीवरून ओघळतं.
संध्याकाळी एक गेलं.

१३ मार्च
दुसरं गेलं. निंबाखाली पुरलं, पहिल्याच्या शेजारी. बाबांनी स्वतः खणलं. दोनदा खाली बसले.
पुन्हा चहा.
सुमनकाकू डब्यात खिचडी घेऊन आल्या. बाबांनी तोंड फिरवलं. काकू स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी माह्याशी काऊन बोलत नाई वो? म्या काय केलं?"
मी चहात साखर घातली. दुसऱ्यांदा.

१४ मार्च
मांजरी नाही. वावरापर्यंत जाऊन आले. नाल्याच्या रेतीत पावलं होती, कुत्र्यांची.
बाबा ओट्यावरून : "घर तिचं. अन् आपन तिलेच बाहेर ठेवलं."
म्हटलं, ते रानमांजर आहे बाबा.
"मी काय दुसरं म्हनलो?"

१५ मार्च
सांगायला गेले. खिडकी मी लावली, एवढंच वाक्य. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोपले नव्हते.
परत आले.
पिल्लू बोळा सोडत नाही. फार बारीक आवाज काढतं. तो आवाज आला की बाबा उठून बसतात, तेवढंच.

१६ मार्च
डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, खात नसतील तर अकोल्याला भरती करा.
"नाई जात," बाबा. "ती आली तर?"
दिवस मावळायच्या आत खिडकीच्या चौकटीत पीठ पसरलं. ज्वारीचं, चाळून. हे मी करत होते, माझ्याच हातांनी. बाबा दारातून पाहत होते. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी आपण होऊन बोलले.
"सकाळी पाहू."

१७ मार्च
उजाडलं. वही घेऊनच कापसाच्या खोलीत आले.
पिल्लू जिवंत आहे. पीठ कोरं. एका बाजूने मुंगळे गेलेत, तेवढीच रेघ.
बाहेर बाबा चूळ भरत आहेत. मग तोंड पुसतील, काठी शोधतील. ओट्यापासून इथवर त्यांना हल्ली दोनदा थांबावं लागतं.
चार बोटं. तळव्यासाठी माझ्या अंगठ्याची गादी पुरेल. नखं दिसायला नकोत.
काठीचा आवाज. एकदा थांबले.