येलहंकातलं ते कॉलेज नव्हे

अप्पा, आज ऑफिसात साहेबांनी माझी ओळख करून दिली, "या येलहंकातल्या त्या मोठ्या डिझाईन कॉलेजच्या," आणि समोरच्या क्लायंटच्या माना कौतुकाने हलल्या. हे काम मिळालं तर अख्खा डिझाईन विभाग माझ्या हाती येणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी तुम्हीच आठवलात.

हा घोळ आपल्या घरात जुनाच. मोठं कॉलेज येलहंकात, माझंही येलहंकात, पण मागच्या गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. "येलहंकाला डिझाईन शिकते" म्हटलं की लोक आपणहून मला त्या मोठ्या फाटकातून आत घालायचे, आणि मी गप्प बसायची. तुम्हाला मात्र राहवायचं नाही. लग्नात, बसमध्ये, किराणा दुकानात, "अहो, ते नव्हे! मागच्या गल्लीतलं. लहान आहे, पण सर जीव तोडून शिकवतात." वर हे अभिमानाने सांगायचात! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पहिली मुलाखत कोरमंगलात, जाहिरात कंपनीत. तुम्ही बुटांना पॉलिश करून सोबत आलेले, बाहेर बाकावर बसलेले. आत सगळं जमलंय. मालक स्वतः मला सोडायला बाहेर येतात, तुम्हाला म्हणतात, "तुमच्या मुलीचं कॉलेज म्हणजे काय बोलायचं!" मी मागून तुमचा सदरा ओढते. तुम्ही उठून उभे राहता आणि सगळं सांगून टाकता, हार्डवेअरच्या दुकानासकट. "सरी, बरं, कळवतो," म्हणाले ते. कसलं कळवतायत! घरी येऊन मी ताट ढकललं, तुमच्यामुळे माझं वाटोळं झालं म्हणाले. तुम्ही जेवण संपवलंत, हात धुतलेत, मग म्हणालात, "नोकरी मिळाली असती गं. पण रोज जीव मुठीत धरून जावं लागलं असतं. तू अशी भीत भीत जगलेली मला बघवलं नसतं."

मग आपल्याच शहरातल्या शिवाजीनगरच्या छापखान्यात लग्नपत्रिका करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नाव लागतं, अप्पा. तुम्ही म्हणायचात लोक काम बघतात. पण काम दाखवायला आधी कुणी आत तर घ्यायला हवं! त्या कॉलेजची मुलं माझ्या कितीतरी आधी वर पोचली. तरी एक सांगते, पुढे जिथे जिथे गेले तिथे आपलं काही उघडं पडेल या धास्तीने माझी झोप कधी उडाली नाही. तुमच्यासारखा बाप किती जणींच्या वाट्याला येतो? चारचौघांत लहानाला लहान म्हणायची, आणि वर त्याचंच कौतुक करायची तुमची छाती मला तेव्हा कळलीच नाही.

आज मी खुलासा करायला लागले तसं साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, राहू दे म्हणून. मी म्हटलं, "माफ करा, मी तिथली नाही," आणि कुठली ते सांगितलं. एक जण पाणी प्यायला. निर्णय सोमवारी.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून कबूल करायला हरकत नाही. काम हातचं गेलं ना, अप्पा, तर मी पहिल्यांदा तुमच्यावरच चिडणार आहे.