राबाच्या निबंधाची पहिली ओळ

पुणे, ता. ९ डिसेंबर १९३८

सौ. गोजराबाईस, टोकावड्याच्या घरी सर्वांसह आशीर्वाद.

टिनाचा पर्जन्यमापक, बांबूचा तराजू, सागाची मोजपट्टी, शिवलेल्या नऊ वह्या, सगळं माझ्या हातचं. निबंधाच्या आरंभी मी हेच लिहून आणलं होतं. इथल्या शेतकी कॉलेजातले घारपुरे प्रोफेसर वाचून हसले. म्हणाले, "अहो, आधी स्वतःबद्दल नका सांगू. प्रश्न काय होता आणि कुठे उठला ते सांगा."

राग आला, पण खोडलं. आता पहिली ओळ अशी आहे: 'राख चुलीतलीही टाकता येते, मग भातरोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा कशाला, असे एका शेतकरणीने विचारले.'

आठवतं? बांधावर तूच विचारलंस. मी म्हटलं, "गप गो, आजापणजाची रीत हाय." मग नऊ वर्षं दोन वाफे, एक राब भाजलेला, एक नुसत्या चुलीच्या राखेचा, मोजत बसलो. भाजलेल्यातली रोपं सरासरी पावणेदोन इंचांनी जास्त उंच.

जेवण बरं आहे. खोकला उतरतो आहे, काळजी नको. गाय व्याली का? बियाण्याच्या मडक्यांवरच्या चिठ्ठ्या पुसू देऊ नकोस.

इथले एक साहेब वह्या मागत होते. निबंध त्यांच्या नावाने छापायचा. मी सांगितलं, "प्रश्न घरच्या माणसाचा हाय, मला इकता येनार नाय." तीनशे रुपये देत होते.

तुझा,
चंदर