वाढत्या शिंगाची ऊब

आई, तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. खांद्याला जरा खरचटलंय, पण ते विचारू नकोस.

काल आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात तारेत पाय कापलेलं एक मोठं हरीण आणलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला भूल दिली आणि मला डोकं धरायला बसवलं. नवी शिंगं फुटलेली, त्यांवर मखमलीसारखी लव. सहज हात लावला आणि दचकलेच. शिंग गरम होतं गं, ताप आलेल्या बाळाच्या कपाळासारखं!

बाई टाके घालता घालता म्हणाल्या, "आत रक्त खेळतंय. टोकाशी कूर्चा आहे, आपल्या नाकाच्या शेंड्याला असते तशी मऊ. टोक वाढत जातं आणि मागून कूर्चेच्या जागी हाड भरत येतं."

मी हाड म्हणजे निर्जीव काठी समजत होते. इथे ते माझ्या तळव्याखाली तयार होत होतं! हात काढवेना.

"माणसाचं मोडलेलं हाड कसं जुळतं?" मी विचारलं.

"बरंचसं असंच. आधी कूर्चा, मग हाड. फक्त धीर हवा."

आई, तुझ्या मोडलेल्या मनगटाच्या प्लास्टरमध्येही आत्ता हेच चाललंय. बादल्या उचलत नाहीस ना? बाबा स्वयंपाक करतात की नुसताच चहा?

हरीण शुद्धीवर आलं, माझ्या खांद्याला घासत धडपडत उठलं. पाय लटपटत होते, तरी दाराच्या चौकटीला शिंग लागू नये म्हणून मान तिरकी करून हळूच बाहेर पडलं. आई, तूही मनगट तसंच जप.

तुझी,
धाकटी