एकोणचाळीस किटल्या

३ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू दिलेला फोन आता भिंतीला टेकवून तिरका धरला तरच चार्ज होतो, म्हणून पत्रच लिहितेय. त्याला अजून वर्षही झालं नाही. हे पेन अकरा वर्षांचं आहे, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

आमच्या स्टोअरचं म्हणशील तर एकेक मजला रिकामा होतोय. तळमजल्यावरचा अत्तरांचा काउंटर गेल्या महिन्यात उठला. सरकता जिना बंद पडलाय, लोक त्याच्यावरून धापा टाकत चढतात. दुसऱ्या मजल्यावर कपडे नाहीत, नुसते पुतळे उभे आहेत. पण तिसरा मजला, म्हणजे मी आणि माझी घरगुती उपकरणं, जागच्या जागी आहे. लोक फोनवरून वस्तू मागवतात, ती बिघडली की माझ्याकडे येतात, आणि मी दोन शब्द सुनावून चांगली वस्तू देते.

आता खरी बातमी. पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या कारखान्यातल्या चाळीस विजेच्या किटल्या आल्या. तपासणीच्या चिठ्ठीवर तुझी सही बघून डोळे भरून आले रे. तुला ठाऊक आहे, कुठलंही नवं उपकरण दोनशे वेळा उघडझाप केल्याशिवाय मी विकायला मांडत नाही. एकतीस वर्षांत नियम मोडला नव्हता, तो तुझ्यासाठी मोडला. घरच्या माणसाची सही असताना परीक्षा कसली घ्यायची? येईल त्याला सांगते, माझ्या भावाने बनवलीय. पंचवीस खपल्यासुद्धा.

घरच्यांना आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझी
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवा फोन पाठवणार होतो, पण तोही बिघडला तर तुझी बोलणी खायची ताकद नाही.

किटल्यांचं तू गमतीने लिहिलंस ना? दोनशे वेळा न तपासता तू साधा चिमटा विकणार नाहीस. उरलेल्या पंधरा जरा मागे ठेवशील का? वेळ मिळाला तर एखादी उघडझाप करूनही बघ. काही विशेष नाही, आपलं सहज.

राग न धरता लोभ धरावा.

तुझा
खटपट्या


१४ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

काही विशेष नाही, असं तू लहानपणापासून काहीतरी विशेष असलं की म्हणतोस.

तुझं पत्र येईपर्यंत एकच किटली उरली होती. ती घेऊन बसले. एकशे त्रेचाळिसाव्या वेळी झाकण हातात आलं. चार माणसांच्या घरात किटली दिवसातून आठ वेळा उघडते. म्हणजे अठरावा दिवस. हिशेब अगदी बरोबर निघाला, कारण या आठवड्यात नऊ जण परत आले.

त्यांत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, वीस वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक. ओतताना झाकण निखळलं आणि उकळतं पाणी मनगटावर आलं. त्या चिडल्यासुद्धा नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली, एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही किटली तू तपासली होतीस का? एका शब्दात कळव. बाकी कुशल.

ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही.

माझ्या आराखड्यात झाकणाच्या बिजागरीला पोलादी पिन होती. मालकांनी ती प्लास्टिकची केली. म्हणाले, हल्ली दोन वर्षांवर कुणी काही वापरत नाही. दोन वर्षं कुठली, दोन महिनेही टिकणार नाही हे मला कळत होतं. तरी त्यांनी चिठ्ठी पुढे केली आणि मी सही केली.

सही करताना मनात काय होतं, सांगू? हा माल पहिल्यांदा ताईकडे जाणार, ती दोनशे वेळा उघडणार आणि सगळी खोकी परत पाठवणार. मालकांशी मी करायचं भांडण मी तुझ्या खांद्यावर टाकलं. तू माझ्या सहीवर विसंबलीस आणि मी तुझ्या हातांवर. मधल्या मध्ये बाईंचं मनगट भाजलं. लाज वाटते गं.

आणखी दोन हजार किटल्या तयार आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर अठ्ठावीस तारखेला, सोमवारी सही हवी आहे. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. काय करू?

तुझा
खटपट्या


२२ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

काल नोटीस लागली. एकतीस तारखेला स्टोअर कायमचं बंद. मालाच्या लिफ्टमध्ये उभी राहून पोटभर रडले, मग तोंड धुऊन काउंटरवर आले.

एकोणचाळीस घरांत ती किटली माझ्या शब्दावर गेली आहे. एकतीसनंतर त्या लोकांनी तक्रार घेऊन जायचं कुठे? बंद दारापाशी? तेव्हा पोलादी पिना आणि हत्यारं घेऊन लगेच ये. हमीपत्रांच्या प्रतींवर सगळ्यांचे पत्ते आहेत. आपण दोघं घरोघर जाऊ. बाईंकडे मात्र तू एकटा जायचंस.

सोमवारचं मला विचारू नकोस. पन्नाशीला आलास, तुझी सही तू सांभाळ.

वाट बघतेय.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपली अडतीस घरं झाल्यावर मी बाईंकडून थेट बस गाठली, म्हणून तिथलं सांगायचं राहिलं. त्यांच्या मनगटाला अजून पट्टी आहे. चिठ्ठीवरची सही माझी, हे मी दारातच सांगून टाकलं. न तपासता केलीस का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं. त्यांनी मला आत बसवलं, पिन बसवून घेतली आणि समोर खुर्ची टाकून मोजायला बसल्या. एकशे ऐंशीला आकडा चुकला म्हणाल्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली! शेवटी त्याच किटलीतलं पाणी मला ओतायला लावलं. झाकण जराही हललं नाही.

काल सही केली नाही. मालकांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, बरं झालं, आता तरी नीट झोपशील. मागच्या खोलीत टेबल टाकलंय. स्वतःची किटली करावी असं मनात आहे, पण एकट्या माणसाने बनवलेली किटली घेणार कोण? विकायला तुझं दुकानही राहिलं नाही.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा
खटपट्या


१ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

काल संपलं. दुपारपर्यंत मांडण्या रिकाम्या झाल्या आणि मी नुसती काउंटर पुसत उभी होते. तेवढ्यात बाई आल्या, तो बंद जिना तीन मजले चढून. दोन्ही मुलींसाठी एकेक किटली हवी म्हणाल्या. मी म्हटलं, आता काही उरलेलं नाही आणि उद्यापासून आम्हीही नाही. सकाळीच आलेल्या तुझ्या पत्रातलं टेबलाचंही सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, तुमचा भाऊ करतो आहे ना? मग मी थांबते. न तपासता सही केली हे तोंडावर सांगणारा माणूस पुन्हा तशी सही करणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकून मागे उभ्या असलेल्या आणखी सहा जणांनी नावं दिली. मी सगळ्यांना दोन महिन्यांचा वायदा करून बसले आहे. तुला विचारलं नाही, विचारणारही नव्हते.

तेव्हा रडगाणं बंद कर आणि टेबलाशी बस. मी पंधरा तारखेला येतेय. मला तिथे एक खुर्ची लागेल, खिडकीजवळ, टेबलाच्या अगदी समोर.

तुझी
ताई