बाबांचं कटिंग मशीन

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला झाडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. आधी सगळं वाच, मग काय ओरडायचं ते ओरड.

चांगलं आधी सांगतो. बाबांचं कटिंग मशीन आपल्या दुकानात परत आलं! छापखानेवाल्या काकांचा मुलगा ते काढून टाकणार होता, मी घेतलं. बाबांनी ते काकांना विकलं तेव्हा मी चौथीत होतो. खिडकीखालच्या फरशीत त्याच्या पायांचे खड्डे अजून आहेत, पाय बरोब्बर त्यातच बसले. चाक फिरवलं आणि तोच आवाज आला गं. कागदाच्या गठ्ठ्यातून पातं उतरताना यायचा ना, तो. मी स्टुलावर बसून नुसता ऐकत राहिलो. ही म्हणाली, नोकरी सोडून बाइंडर झालेला नवरा एकवेळ परवडला, पण मशीनपुढे डोळे पुसणारा नको.

आता वाईट. गेल्या वर्षी ग्रंथालयाची जुनी पुस्तकं बांधायचं मोठं काम केलं होतं, त्याचे सगळे पैसे मशीनला घातले. आणि परवा इन्कम टॅक्सवाल्यांचं पत्र आलं. मशीनच्या निम्म्या किमतीएवढा टॅक्स माझ्याकडे निघतो, महिनाअखेरीस भरा म्हणतात. माझे तर डोळेच पांढरे झाले. हसू नकोस, पण कसं झालं सांगतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पगार हातात यायचा तो टॅक्स कापूनच. ग्रंथालयाचा चेकही कापूनच आला असणार, असं मी धरून चाललो. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

हिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मशीन राहील की जाईल, रात्रंदिवस डोक्यात तेवढंच आहे.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
चिकट्या

११ फेब्रुवारी

चि. चिकट्यास,
अ. उ. आ.

धरून चाललास? अरे शहाण्या, ग्रंथालय म्हणजे काय आपली आई आहे, काटे काढून घास भरवायला? पन्नाशी उलटली तुझी! असो, ओरडून झालं.

पत्र वाचून मी दिवसभर त्या दुकानातच होते बघ. खळीचा तो आंबूस वास, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, आणि सरसात हात घालून बसलेला तू. तुझं नाव मीच ठेवलं, आठवतं? ज्याला हात लावशील त्याला चिकटायचास. एकदा बाबांच्या गिऱ्हाइकाच्या टोपीला चिकटलास आणि ते बिचारे टोपी तिथेच ठेवून घरी गेले. मशीनमधून कागदाच्या पट्ट्या पडायच्या त्या मी बाहुलीच्या उशीत भरायचे. आईनं मला त्या मशीनजवळ कधी उभं राहू दिलं नाही आणि बाबांनी कधी हाकललं नाही.

तेव्हा मशीन विकायचं नाव काढू नकोस. माझी एक ठेव या महिन्यात मोकळी होते आहे. हे गेल्यापासून माझा असा खर्च तरी काय? एक माणूस आणि दोन भांडी. पैसे पाठवते. तुझ्या बायकोला सांग, चेहरा सरळ कर म्हणावं.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे पाठवू नकोस. रागावू नकोस, पण ती ठेव तुझ्या आजारपणाची आहे. माझ्या मूर्खपणावर ती का उडवायची?

एका हिशेबनिसाकडे जाऊन आलो. वयानं आपल्या मुलांएवढी असेल, पण फार समजुतीनं बोलली. मशीनची सगळी किंमत एकाच वर्षात वजा होत नाही, दरवर्षी थोडी थोडी होते, म्हणून बोजा एवढा दिसतो. पुढचं तिनं पक्कं बजावलंय. कामाचे पैसे आले की त्याच दिवशी टॅक्सचा भाग वेगळ्या खात्यात टाकायचा आणि तो आपला नाहीच असं समजायचं. त्यातून वर्षभर हप्त्याहप्त्यानं आगाऊ भरायचं. पुढच्या वर्षाचं झालं गं, या वर्षाचं काय?

म्हणून काकांच्या मुलाकडे गेलो, मशीन परत घेतोस का विचारायला. थोडे कमी देईन पण घेतो म्हणाला. महिनाअखेरीस टेम्पो आणणार आहे.

तिथे एक गोष्ट कळली. विकल्यावर बाबा दर रविवारी त्यांच्या छापखान्यात जायचे. आपल्याला सांगायचे फिरायला चाललोय, आणि तिथे जाऊन पात्याला धार लावायचे, तेल घालायचे. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा नाही. पुसून झालं की मशीनवर हात ठेवून जरा वेळ उभे राहायचे, म्हणे. काका गेल्यावरही चालूच होतं. मला हे ऐकवेना. पण त्यांना जमलं, तर मलाही जमेल.

तुझा,
चिकट्या

२० फेब्रुवारी

चि. चिकट्यास,
अ. उ. आ.

त्यांना जमलं, असं कुणी सांगितलं तुला?

तू लहान होतास, मी दारामागे उभी होते. आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मामा पैसे घेऊन आला होता. बाबांनी त्याला जेवायला घातलं, पानावर आग्रह केला आणि पैसे परत त्याच्या खिशात कोंबले. म्हणाले, घरच्या माणसापुढे हात पसरायची वेळ अजून आलेली नाही. मामा जिना उतरताना रडत होता. दुसऱ्या दिवशी मशीन गेलं. त्याआधी बाबा काम करताना शीळ घालायचे. तुला आठवतच नसेल, कारण त्यानंतर त्यांनी कधी घातली नाही. मामाचं येणंही हळूहळू कमी झालं. ह्याला जमणं म्हणतात का रे?

रविवारचं मला माहीत नव्हतं. वाचलं आणि फार रडले.

पैसे आजच पाठवले आहेत, सगळ्या टॅक्सचे नाहीत, निम्म्याचे. आजारपणापुरते मी मागे ठेवलेत, उगाच त्यागमूर्ती करू नकोस माझी. उरलेल्याचे हप्ते मिळतात का, हे टॅक्सच्या ऑफिसात जाऊन विचार. या वेळी तरी विचार! आणि परत पाठवलेस तर मी मामासारखी जिन्यावर रडणार नाही, येऊन कान पिळीन.

वाट पाहणारी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले. परत पाठवले नाहीत.

ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंपुढे मी माझी सगळी कर्मकहाणी सुरू केली, तर त्यांनी मधेच थांबवून विचारलं, की आज किती भरू शकता? निम्मे, म्हटलं. उरलेल्याचे सहा महिन्यांचे हप्ते करून दिले. थोडं व्याज पडेल. एवढंच होतं गं, आणि मी महिनाभर झोपलो नव्हतो.

ठरल्याप्रमाणे टेम्पो आला, दोन हमाल घेऊन. मी दारात उभा राहून नाही म्हटलं. काकांचा मुलगा रागावेल वाटलं होतं. त्यानं हमालांना चहाचे पैसे दिले, आत येऊन मशीन बघून गेला आणि म्हणाला, माझा कागद मग तूच काप. आठवड्यातून दोन सकाळी त्याचं काम येतंय. पहिले पैसे आले त्याच दिवशी टॅक्सचा भाग वेगळ्या खात्यात गेला. हिनं स्वतः बँकेत नेऊन भरला, माझ्यावर विश्वास नाही म्हणाली.

खरं सांगू ताई? तुझे पैसे घेताना मान खाली जाईल असं वाटत होतं. तसं काही झालं नाही. उलट तू हात धरून शाळेत सोडायचीस तेव्हासारखं वाटलं. घरच्याचं घेतलं तर माणूस लहान होत नाही. बाबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं गं.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझाच,
चिकट्या